पिवळसर खडा

खडा गाळणीत पडला तेव्हा टिक् असा आवाज झाला आणि काशीराम वारंगला सुटल्यासारखं वाटायच्या आधी वाटली ती तुच्छता. एवढासा? मुगाच्या अर्ध्या दाण्याएवढाही नाही. याच्यासाठी तो आठवडाभर पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन लोळला होता. बायकोच्या, नीलाच्या देखत, साठी उलटलेल्या वयात, ‘आये गो’ म्हणून ओरडला होता. तीस वर्षं मुलुंडच्या या घरात त्याने कधी तोंडातून मालवणी शब्द काढला नव्हता, आणि काढला तो असा. त्याने गाळणी बेसिनच्या नळाखाली धरली. गाळणी चहाचीच होती, जुनी. नीलाने ती चिमटीत धरून दिली होती आणि ‘परत स्वयंपाकघरात आणू नका’ असं बजावलं होतं. खडा धुऊन त्याने टिश्यूवर ठेवला, टेबलाच्या खणातलं भिंग काढलं आणि खिडकीशी जाऊन बसला. खडा पिवळसर होता. काळा नाही, तपकिरी नाही, काटेरी नाही. मेणबत्तीच्या गळालेल्या थेंबासारखा गुळगुळीत, आणि कडेने उजेड थोडा आत जात होता. काशीरामच्या कपाळाला आठी पडली. आयुष्यभर त्याने स्फटिकच पाहिले होते, दुसरं फारसं काही पाहिलं नव्हतं, आणि हा स्फटिक त्याला सांगितला होता तसा दिसत नव्हता.

सांगणारा डॉक्टर स्टेशनजवळच्या नव्या इमारतीत बसायचा. मूत्रविकारतज्ज्ञ. भिंतीवर मूत्रपिंडाचं रंगीत चित्र, चित्राखाली कोणत्याशा औषध कंपनीचं नाव, आणि बोलताना एक डोळा मोबाईलवर. काशीरामने त्याला फोन लावला. ‘पडला? गुड. फेकून द्या.’ ‘पण कशाचा आहे?’ ‘कॅल्शियमचा हो काका. सगळ्यांचा तोच असतो.’ काका! काशीराम फोन ठेवून बराच वेळ त्या शब्दावरच जळत राहिला. काका, आणि सगळ्यांचा. ‘सगळ्यांचा असतो तसा’ या वाक्याची त्याला लहानपणापासून शिसारी होती. लालबागच्या चाळीत सगळ्यांच्या बापासारखा त्याचा बाप गिरणीत होता, सगळ्यांच्या घरासारखं त्यांचं घर एका खोलीचं होतं, आणि संप फसल्यावर सगळ्यांची झाली तशीच त्यांचीही वाट लागली. त्या ‘सगळ्यां’मधून काशीराम अक्षरशः नखांनी उकरत बाहेर निघाला होता. गंमत अशी, की बाहेर निघून त्याने धरलं ते शास्त्रही पुनरावृत्तीचंच होतं. स्फटिक म्हणजे दुसरं काय? एकच मांडणी पुन्हा पुन्हा, वर, खाली, आजूबाजूला, कोट्यवधी वेळा, कंटाळा न येता. पण अणूंनी सारखं असलेलं त्याला चालायचं. माणसांनी सारखं असणं हा त्याला गचाळपणा वाटायचा. अणू निदान ठरलेल्या अंतरावर उभे राहतात, असं तो वर्गात म्हणायचा, आणि पोरं हसायची, आणि हसणाऱ्या पोरांचाही त्याला राग यायचा.

भिंगातून पाहता पाहता त्याच्या मनात एक चमत्कारिक मत्सर उभा राहिला. घाटकोपरच्या कॉलेजात त्याने वर्षानुवर्षं स्फटिक वाढवले होते. चंचुपात्रात संपृक्त द्रावण, त्यात दोऱ्याला टांगलेलं बीज, तापमान हलता कामा नये, टेबलाला धक्का लागता कामा नये. शिपाई खिडकी उघडायचा. कोणी तरी परीक्षेच्या उत्तरपत्रिका आणून धाडकन टेबलावर आदळायचं. सकाळी पाहावं तर स्फटिक ढगाळलेला, किंवा तळाशी साखरेसारखा चुरा. विभागातल्या एकाही माणसाला त्याचं काही वाटायचं नाही. त्यांना वेतन आयोग माहीत होता, एल.टी.सी. माहीत होती, स्टाफरूमच्या समोशात बटाटा कमी की वाटाणा कमी हे माहीत होतं. या अडाण्यांच्या गोंगाटात त्याला एक धड, निर्मळ, बोटभर स्फटिक कधी मिळाला नाही. आणि इथे त्याच्या पाठीत, अंधारात, कोणी न सांगता, कोणी न राखता, थर थर चढत हा वाढला होता. स्वतःच्याच मूत्रपिंडाने आपल्याला वाकुल्या दाखवल्या असं त्याला वाटलं. ‘फेकलात का तो?’ नीलाने दारातून विचारलं. ‘नाही.’ ‘शी! मग काय शोकेसमध्ये ठेवणार आहात?’ ‘तपासणार आहे.’ ‘कोण तपासणार?’ ‘मी,’ काशीराम म्हणाला. ‘त्या गाढवाला जे कळत नाही ते मला कळतं.’ नीला दारातून वळली. तिचे वडील प्राचार्य होते; गाढव हा शब्द त्यांच्या घरात कोणी कधी वापरला नव्हता, कारण तिथे कोणाला कोणाची बरोबरी करायची नव्हती.

दुपारी तो घाटकोपरला गेला. निवृत्तीनंतर प्रथमच. प्रयोगशाळा आता धवलच्या ताब्यात होती. धवलच्या मुलाखतीत काशीराम विरुद्ध बोलला होता. या मुलाला विषय येतो पण विषयाचा दरारा वाटत नाही, असं त्याने समितीला सांगितलं होतं. धवलला ते माहीत होतं आणि तरी तो दार उघडून ‘सर! काय सरप्राइज यार!’ म्हणाला, आणि मग जीभ चावून ‘सॉरी सर’ म्हणाला. खोलीत एक गोल दिवा स्टँडवर उभा होता. कशाला? तर धवल रील बनवायचा. अणुबंध समजावून सांगणाऱ्या रील. त्याने न विचारताच एक दाखवली: दोन मित्र एक वडापाव अर्धा अर्धा खातात, म्हणजे सहसंयुज बंध, एक जण दुसऱ्याच्या हातातला वडा हिसकावून पळतो, म्हणजे आयनिक बंध. ‘हिसकावल्यावर मग ते दोघं एकमेकांना चिकटून का बसतात?’ काशीरामने विचारलं. धवल म्हणाला, ‘ते पुढच्या पार्टमध्ये आहे सर.’ काशीरामने चष्मा पुसला. वडापाव! इलेक्ट्रॉनचं दोन अणूंमध्ये पसरून राहणं हे ज्याला रात्र रात्र झोप न लागता उमगलं होतं त्याने हे ऐकायचं. ‘हा खडा लाव,’ तो म्हणाला. ‘कॅल्शियम ऑक्झलेट असणार. पण खात्री करायची आहे.’ कोणाचा, ते त्याने सांगितलं नाही. धवलनेही विचारलं नाही, फक्त त्याच्या कमरेवर ठेवलेल्या हाताकडे एकदा पाहिलं.

खडा कुटायचा तर होताच. अकीकाच्या छोट्या खलात त्याने तो स्वतःच घातला. धवलच्या हातात देणं त्याला शक्य नव्हतं. बत्ता ठेवला तसा खडा फार सहज दबला. ऑक्झलेट एवढं मऊ नसतं. त्याने घोटायला सुरुवात केली आणि पिठी बारीक होता होता एक वास आला, अगदी पुसट, उकडून जास्त वेळ ठेवलेल्या अंड्यासारखा. गंधक. कॅल्शियमच्या खड्यात गंधक कुठून येणार? वासाला आठवणीशी काय घेणंदेणं असतं कोण जाणे, पण काशीरामला एकदम गोवंडीची ती गल्ली आठवली, डंपिंग ग्राउंडच्या बाजूला उघडणारी, आणि गल्लीच्या तोंडाशी लावलेली कचऱ्याची गाडी, आणि गाडीच्या पायरीवर बसून कंबर दाबणारा दत्ताराम. त्याने ती आठवण जितक्या वेगाने आली तितक्याच वेगाने झटकली. त्या माणसाची आठवण झटकण्याचा त्याला सराव होता.

पिठी चकतीत सपाट करून धवलने यंत्रात ठेवली आणि काचेचं दार लावलं. यंत्र घरघरू लागलं. या घरघरीवर काशीरामचं खरं प्रेम होतं, जर त्याचं कशावर असेल तर. क्ष-किरण पिठीवर पडतात. आत अणूंचे थरावर थर असतात. प्रत्येक थरावरून थोडे किरण उसळतात, आणि बहुतेक कोनांना ते एकमेकांना मारून टाकतात. पण काही थोड्या कोनांना सगळ्या थरांवरचे किरण एकाच तालात बाहेर येतात, आणि पडद्यावर एक उंच शिखर उभं राहतं. कोणत्या कोनाला शिखर येणार हे फक्त थरांमधलं अंतर ठरवतं. प्रत्येक पदार्थाची शिखरं वेगळी. त्यात वशिला नाही, जात नाही, तोंडदेखलेपणा नाही. ‘हे यंत्र म्हणजे या इमारतीतला एकमेव सभ्य माणूस,’ असं तो पूर्वी म्हणायचा. आता तो पडद्यासमोर खुर्ची ओढून बसला आणि पंधरा अंशांची वाट पाहू लागला, कारण ऑक्झलेटचं पहिलं मोठं शिखर तिथे येतं. रेघ सरकत पंधराशी आली आणि सपाट पुढे गेली.

‘तुझं अलाइनमेंट बिघडलंय,’ काशीराम म्हणाला. ‘काळजीच घेत नाही तुम्ही लोक.’ ‘नाही सर, सोमवारीच केलंय.’ ‘मग परत कर.’ धवलने सिलिकॉनची प्रमाण चकती लावली. सिलिकॉनचं शिखर जिथे यायला हवं तिथे, केसाचाही फरक न करता आलं. काशीरामला त्या अचूकपणाचा संताप आला. पुन्हा पिठी. पुन्हा पंधराला काही नाही. आणि एकोणीसच्या जरा अलीकडे रेघ सरळ वर चढली, एखाद्याने बोट उगारावं तशी. पुढे अठ्ठावीसच्या पलीकडे दुसरं. धवलने जुळणी करणारा प्रोग्राम चालवला, पण काशीरामला त्याची गरज नव्हती. आत अणूंच्या मांडणीचं एक फार लांब घर आहे, सहा कोनी, हे त्याला दिसतच होतं. ‘सिस्टिन, सर,’ धवल म्हणाला. ‘सल्फरवालं अमिनो अ‍ॅसिड.’ मग मोबाईलवर काहीतरी वाचत, अगदी सहज: ‘रेअर असतं म्हणे. रक्तातून येतं. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असे दोन्ही बिघडलेले जीन्स लागतात. भावंडांमध्ये दिसतं. सर, घरात कोणाला होतं का?’ ‘नाही,’ काशीराम म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला, की धवलने मोबाईल खाली ठेवला.

तो जिन्याच्या कठड्याला टेकून उभा राहिला. खाली पटांगणात पोरं कसल्याशा फेस्टसाठी नाच बसवत होती, वेडेवाकडे. नाही, असं आपण का म्हणालो? भाऊ, दत्ताराम, दारूने गेला. हे काशीरामने ठरवलं होतं आणि मग ते सगळ्यांनी मान्य केलं होतं. मूत्रपिंडं निकामी झाली, कारण प्यायचा. प्यायचा, कारण तसल्या वस्तीत राहायचा. तसल्या वस्तीत राहायचा, कारण शिकला नाही. थरावर थर, सगळे एका तालात. दत्ताराम मोठा, गिरणी बंद पडली तेव्हा तो शिकणं सोडून ट्रकवर क्लीनर झाला, मग ड्रायव्हर, मग कंत्राटदाराकडे कचऱ्याच्या गाडीवर, आणि काशीराम कॉलेजात राहिला. या वाक्यातल्या ‘आणि’कडे काशीरामने कधी नीट पाहिलं नव्हतं. मुलुंडच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला दत्ताराम आला तो दुपारीच बियर पिऊन. नीलाचे आईवडील सोफ्यावर, प्राचार्यांचे दोन मित्र, आणि हा आल्या आल्या संडासात शिरला तो बाहेरच येईना. आतून कण्हण्याचा आवाज. काशीरामने दारावर थाप मारली. दत्तारामने दार किलकिलं केलं. घामाने निथळलेला चेहरा, ओठ पांढरे. ‘खडो असा रे, काश्या. बियर पिल्यार सुटता म्हणतत.’ काशीरामला त्या क्षणी ऐकू आलं ते फक्त मालवणी, आणि दिसला तो प्राचार्यांचा सोफ्यावरचा मागे वळलेला चेहरा. ‘खड्याचं निमित्त बरं आहे,’ तो खालच्या आवाजात म्हणाला. ‘घरी जा तू.’ दत्ताराम गेला. जाताना चपला घालायला वाकला आणि भिंतीला धरून बराच वेळ तसाच राहिला. काशीरामला वाटलं होतं, नशेत आहे.

दोन सारखे अर्धे रेणू, मध्ये गंधकाला धरलेलं गंधक: असा असतो सिस्टिन. धवल असता तर म्हणाला असता, दोन भाऊ, एक वडापाव. काशीराम जिना उतरला. त्याने रिक्षाला हात केला आणि ‘गोवंडी’ म्हणाला, आणि रिक्षावाल्याने त्याच्या इस्त्रीच्या शर्टकडे पाहून ‘कुठे? हॉस्पिटल?’ असं विचारलं. ‘पुढे,’ तो म्हणाला. वाटेत तो मनात वाक्यं जुळवत होता. वहिनी, एक महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. वहिनी, शास्त्रीयदृष्ट्या पाहता. आपण काहीतरी घेऊन चाललो आहोत, मोठं, दुसऱ्या कोणालाच देता आलं नसतं असं, ही भावना त्याला थोडी बरी वाटू लागली होती. निर्दोष सुटल्याचा कागद घेऊन जाणाऱ्या वकिलासारखी. प्रेमावहिनीच्या तोंडावर काय काय उमटेल हेसुद्धा त्याने ठरवून टाकलं.

प्रेमावहिनी दारातच मेथी निवडत बसली होती. केस पूर्ण पिकलेले. दत्ताराम गेल्यानंतरच्या वर्षांत काशीराम इथे आला नव्हता. तिने त्याला ओळखलं, पण उठली नाही. ‘भावोजी? वाट चुकलात?’ नितेश, तिचा मुलगा, कामावर होता. काशीराम खुर्चीच्या कडेवर टेकला. भिंतीवर दत्तारामचा फोटो, हार प्लास्टिकचा. काशीरामच्या नजरेने तो हार टिपला आणि त्याच्या ओठाचा कोपरा सवयीने किंचित खाली गेला. ते त्याला स्वतःलाच जाणवलं आणि त्याने ओठ सरळ केला. मग त्याने सांगायला सुरुवात केली. खडा, पिठी, यंत्र, शिखर. तो सोपं करून सांगत होता, पण आवाज वर्गातला लागला होता. ‘म्हणजे दादा दारूने गेला नाही. रक्तातच होतं. तेच मलाही आहे. हे सिद्ध झालंय, वहिनी.’

प्रेमाने मेथीची काडी मोडली. ‘बरं.’

‘तुम्हाला... काही वाटत नाही?’

‘काय वाटायला पाहिजे? खडा होता ते मला माहीत होतं. रात्रंदिवस बघत होते मी. आणि दारूचं म्हणाल तर दारू पण पीत होते. आधी खड्यासाठी बियर, मग बियरसाठी खडा. मला मारलंय त्यांनी. ते येतं का तुमच्या मशीनमध्ये?’

हे काशीरामच्या वाक्यांमध्ये कुठेच बसत नव्हतं. त्याने दत्तारामला एका खणातून काढून दुसऱ्या खणात ठेवायचं ठरवलं होतं. ही बाई दोन्ही खण उघडे टाकून बसली होती.

‘नितेशला होईल?’ तिने विचारलं. आता तिचा हात थांबला होता.

‘शक्यता कमी आहे. दोन्हीकडून यावं लागतं. पण एकदा लघवी तपासून घेतलेली बरी.’

‘औषध काय याला?’

‘गोळ्या असतात. पण मुख्य म्हणजे पाणी. दिवसभर भरपूर पाणी पीत राहायचं, म्हणजे ते विरघळलेलं राहतं, खडा धरत नाही.’

‘पाणी,’ प्रेमा म्हणाली. ती हसली, पण आवाज आला नाही. ‘गाडीवर असताना पाण्याला तोंड लावायचे नाहीत ते. उतरणार कुठे? आणि डंपिंगवर लाईनीत गाडी लागली की चार-चार तास तो वास. पाणी पण गिळवायचं नाही, म्हणायचे. घरी आल्यावर प्यायचे, तेव्हा पाणी नसायचं ते.’

काशीरामला आपलं टेबल दिसलं. पंख्याखालचं. त्यावरची बाटली, जी शिपाई न सांगता भरून ठेवायचा, आणि चार पावलांवरचं स्टाफचं स्वच्छतागृह, ज्याच्या साबणाबद्दल त्याने एकदा लेखी तक्रार केली होती. एकाच आईबापाकडून दोघांना एकच वस्तू मिळाली होती. एकाच्या अंगात ती तिशीतच खडे धरू लागली आणि दुसऱ्याच्या अंगात साठीपर्यंत विरघळलेली राहिली, आणि या मधल्या काळाला काशीराम आपली बुद्धिमत्ता समजत आला होता. पूर्ण खरं नसेलही ते; रोग कमीजास्त असतो, शरीर वेगवेगळं असतं, एका उदाहरणावरून सिद्धान्त मांडू नये. हे सगळं त्याला सुचलं, अगदी क्रमाने सुचलं, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही.

‘भावोजी,’ प्रेमा त्याच्याकडे निरखून पाहत म्हणाली, ‘खरं सांगा. सांगायला आलात की विचारायला?’

‘काय विचारायला?’

‘ते शेवटी कसे गेले ते.’

नाही, असं तो म्हणणार होता. पण कमरेत उजवीकडे, जिथे आता काही नव्हतं, तिथे काहीतरी बारीक हललं, किंवा हलल्याचा भास झाला. सोनोग्राफीत डावीकडे अजून दोन दिसले होते; ते त्याने नीलालाही सांगितलं नव्हतं. ‘फार दुखतं का?’ त्याने विचारलं. आवाज वर्गातला नव्हता. कोणाचा होता ते त्याला ओळखता आलं नाही.

‘शेवटी दुखत नाही,’ प्रेमा म्हणाली. ‘खाज येते. अंगभर. आतून आल्यासारखी. मी फणीने पाठ खाजवायचे त्यांची. डायलिसिसवरून आले की बोलायला ताकद नसायची, तरी बोलायचे. मी म्हटलं होतं, भावोजींना कळवू या, शिकलेले आहेत, मोठ्या डॉक्टरला ओळखत असतील. तर हात धरला माझा.’

‘का? माझा राग होता?’

‘राग कसला?’ तिने परात उचलून मांडीवरचा पाला झटकला. ‘“काश्याक सांगू नको,” म्हणाले. “उगाच घाबरतलो. ल्हानपणी माझा रगत बघून तेका ताप चडायचो. ह्या बघितल्यान तर झोपाचो नाय.” हेच. दोनतीनदा म्हणाले. मला तेव्हा चीड आली होती. म्हटलं, एवढा मोठा प्रोफेसर माणूस, तो कशाला घाबरतोय.’

काशीराम बसल्या जागी काही म्हणायला गेला. त्याचे गुडघे हलत होते. त्याने त्यांवर हात ठेवले, तर हातही हलू लागले. प्रेमा परात घेऊन उभी राहिली आणि वरून त्याच्याकडे पाहत राहिली, शांतपणे, सगळं दिसेपर्यंत.

‘बरोबर होतं त्यांचं,’ ती म्हणाली, आणि मेथी धुवायला आत गेली.